दिवा कुठे, डोळा कुठे

सोनईतल्या एखाद्या घरी टीव्हीखालच्या फळीवर एक वीत अंतरावर दोन पणत्या लावा, पंखा बंद करा आणि निन्टेन्डोच्या ‘वी’ या खेळयंत्राचा रिमोट त्यांच्याकडे रोखा. पडद्यावरचा बाण रिमोटच्या मागोमाग फिरू लागतो. यंत्राबरोबर आलेली ‘सेन्सर बार’ नावाची पट्टी तोवर खोक्यातच पडून असते. हातात धरून खेळायच्या गेमयंत्राच्या इन्फ्रारेडवर त्या पट्टीचं काम भागेल का, या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या पणत्यांमध्येच आहे.

2006 साली वी बाजारात आला आणि त्या पट्टीच्या नावाने पुष्कळांची फसगत केली. पट्टीत सेन्सर नाहीच. दोन टोकांना इन्फ्रारेड एलईडींचे दोन झुपके, मधे साधारण 20 सेंटिमीटर अंतर, आणि विजेपुरती एक तार. डोळा आहे रिमोटच्या टोकाशी, काळ्या काचेआड. तो कॅमेरा चित्र पाठवत नाही. फार तर चार तेजस्वी ठिपके शोधतो आणि 1024 बाय 768 च्या जाळीवर ते कुठे आहेत, एवढेच आकडे सेकंदाला 100 वेळा ब्लूटूथवरून कळवतो. म्हणजे पट्टी हा नुसता दिवा. पणतीची ज्योत डोळ्यांना पिवळी दिसते, पण तिची बहुतेक ऊर्जा इन्फ्रारेडमध्येच बाहेर पडते, म्हणून तिथे पणतीही चालते.

आता हातातला गेम घेऊ. सोनीच्या पहिल्या पीएसपीला, म्हणजे 2004 च्या मॉडेलला, वरच्या कडेवर इन्फ्रारेडची खिडकी होती. 2007 च्या सडपातळ मॉडेलमध्ये ती काढून टाकली. अशी खिडकी असलेला पीएसपी टीव्हीपुढे आडवा ठेवला आणि वरची कड खेळणाऱ्याकडे केली, तर एक दिवा मिळतो. अडचण ‘एक’ या शब्दात आहे.

एका ठिपक्यावरून रिमोट कुठल्या दिशेला रोखला आहे ते कळतं, अंतर कळत नाही. अंतर दोन ठिपक्यांमधल्या फटीत असतं. कॅमेऱ्याला आडवं सुमारे 33 अंश दिसतं. 20 सेंटिमीटरची पट्टी 1 मीटरवरून जाळीवर सुमारे 346 घरं व्यापते, 2 मीटरवरून 173, 3 मीटरवरून 115. फट निम्मी झाली की यंत्र समजतं, माणूस दुप्पट लांब गेला. मनगट किती कललंय तेही याच दोन ठिपक्यांना जोडणाऱ्या रेषेवरून कळतं. त्या कामी रिमोटमधला त्वरणमापक मदत करू शकतो, पण अंतराच्या बाबतीत तो काहीच सांगत नाही.

दुसरी अडचण मला जास्त मोलाची वाटते, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. पणती सतत जळते, गेमची खिडकी मात्र लुकलुकते. तिचा जन्म निरोप पाठवण्यासाठी झालेला आहे. ती टीव्हीच्या रिमोटसारखी चालवली तर सोनीच्या पद्धतीत दर 45 मिलिसेकंदांनी एक संकेत जातो आणि उरलेला वेळ अंधार असतो. बऱ्याच टीव्ही रिमोटांची एनईसी पद्धत तर याहून कंजूष: बटण दाबून धरलं की पहिल्या संकेतानंतर दर 108 मिलिसेकंदांत जेमतेम 12 मिलिसेकंद उजेड. कॅमेरा दर 10 मिलिसेकंदांनी बघतो, तेव्हा दहा-अकरा वेळांत एक-दोनदाच ठिपका सापडणार, आणि बाण सारखा गडप होणार. बॅटरी वाचवणारी युक्तीच इथे मुळावर येते.

पण त्याच खिडकीला आयआरडीए नावाची दुसरी रीत येते, एका यंत्रातून दुसऱ्यात माहिती ओतण्याची. तिच्यात शून्य पाठवताना प्रकाशाचा ठोका पडतो, एक पाठवताना अंधार. सेकंदाला 1,15,200 बिटांच्या वेगाने नुसती शून्यं पाठवत राहिलं, तर कॅमेऱ्याच्या एका नजरेत हजाराहून अधिक ठोके बसतात. प्रत्येक ठोका बिटाच्या 3/16 भागाएवढाच असल्याने एकूण उजेड सुमारे 17 टक्के वेळ, पण खंड कुठेच नाही. कॅमेऱ्याला तो मंद, स्थिर दिवाच वाटतो. ही वाट मला फार देखणी वाटते: अर्थ नसलेला निरोप अखंड पाठवायचा, म्हणजे निरोप्याचा दिवा होतो.

मंदपणा मात्र उरतो. आयआरडीए मुळात मीटरभर अंतरासाठी आहे, आणि तिचा झोत मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना जेमतेम 15 अंश पसरतो. शिवाय तिची तरंगलांबी 850 ते 900 नॅनोमीटर, तर वीचा कॅमेरा 940 च्या आसपास अधिक तरबेज. वीच्या सेटिंगमध्ये संवेदनशीलता वाढवता येते, पण मग नको ते ठिपकेही उजळतात. दुपारी दार उघडं असलं की मांडणीवरच्या स्टीलच्या डब्यांवर चमकणारं ऊन, कोपऱ्यातला जुना तारेचा बल्ब, सगळेच दिवे म्हणून हजर होतात. एलईडी बल्ब तसा त्रास देत नाही, त्याच्या उजेडात इन्फ्रारेड नगण्य असतं. म्हणून हा प्रयोग संध्याकाळी, दार लोटून करावा. खिडकी खरंच चालू आहे का, ते मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघावं. बऱ्याच फोनमध्ये, विशेषतः पुढच्या कॅमेऱ्यात, तिथे जांभळट ठिपका दिसतो.

दुसऱ्या दिव्यासाठी दुसरा पीएसपी घ्यायची गरज नाही, शेजारी पणती चालेल. ठिपका कशाचा आहे हे कॅमेरा विचारत नाही. ज्योत हलली की बाणही थरथरतो, एवढं सोसावं लागतं. अंतर मात्र वीतभरच ठेवावं. दोन्ही दिव्यांमध्ये 40 सेंटिमीटर ठेवले आणि माणूस 2 मीटरवर उभा राहिला, तर तो 1 मीटरवर आहे असं वी धरून चालतो.