काडतूस कोण निवडतो? फणसाडच्या रानापासून ऑलिंपिकच्या नेमापर्यंत

१/ रोहा आणि मुरूड यांच्या मधल्या डोंगरांवर जे दाट रान पसरले आहे, ते फणसाड. आज ते अभयारण्य आहे. संस्थानी काळात ती जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांची राखीव शिकारभूमी होती. अशा रानात शिरणाऱ्या शिकाऱ्याला बंदुकीइतकाच विचार काडतुसाचा करावा लागे. ते कोणते असावे, हे नेमके कोण ठरवत होते? या धाग्यात त्या प्रश्नाचा सुमारे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहू.

२/ आधी थोडी परिभाषा. काडतुसाचे भाग चार: पितळी कोश, त्याच्या तळाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. चाप ओढला की टोपीवर आघात होतो, दारू पेटते आणि वायूच्या दाबाने गोळी सुटते. रायफलीच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि दूरवर नेम धरून राहते. रायफलीचे माप सहसा नळीच्या किंवा गोळीच्या व्यासावरून सांगतात. .३०३ म्हणजे इंचाचे ३०३ सहस्रांश, सुमारे ७.७ मिलिमीटर.

३/ 'बारा बोर'चा हिशेब मात्र निराळा. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर प्रत्येक गोळी सुमारे ३८ ग्रॅमची होते. ती जिच्यात नेमकी बसेल, ती नळी बारा बोरची. म्हणूनच सोळा बोरची नळी बारापेक्षा बारीक असते, जाड नव्हे. ही नळी आतून गुळगुळीत असते आणि तिच्यातून बहुधा छर्रे उडवतात.

४/ पेण-रोह्याचा मुलूख शिकाऱ्याच्या दृष्टीने दुहेरी होता. पेणच्या पश्चिमेला धरमतर खाडीच्या अंगाने खारेपाट: सपाट, उघडा, हिवाळ्यात पाणपक्ष्यांनी भरलेला. रोह्याभोवती कुंडलिकेच्या खोऱ्याला लागून गर्द डोंगर. तेथे भेकर, सांबर, रानडुक्कर आणि बिबट्या. खारेपाटात उडत्या बदकावर छर्ऱ्यांचा बार उपयोगी. डोंगरात मात्र जनावर दिसायचे तेच काही डझन पावलांवर.

५/ येथे निवडीचे मूळ तत्त्व समजून घेऊ. हलकी आणि वेगवान गोळी दूरवर कमी खाली येते, म्हणून उघड्या माळावर किंवा हिमालयाच्या उतारांवर ती सरस. गर्द रानात हा गुण वाया जातो. तेथे गोळी खोल शिरून मर्मस्थानापर्यंत पोहोचणे महत्त्वाचे. हा प्रश्न केवळ कौशल्याचा नव्हता. अपुऱ्या गोळीने जखमी झालेला बिबट्या मचाणावरच्या साहेबापर्यंत पोहोचण्याआधी जमिनीवरच्या हाकाऱ्यांवर उलटण्याचा धोका असे. हाकारे बहुधा आसपासच्या गावांतले, आणि त्यांच्या हाती बंदूक नसे.

६/ नेमकी निवड किती महत्त्वाची, याचे प्रसिद्ध उदाहरण जिम कॉर्बेट. १९०७ मध्ये चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल त्यांना रिग्बी कंपनीची .२७५ रायफल भेट मिळाली. हे .२७५ म्हणजे मूळचे जर्मन ७ मिमी माउझर काडतूस, इंग्रजी नावाने. आकाराने लहान, धक्का सौम्य, पण नेम अचूक. मोठी गोळी म्हणजे चांगली गोळी हा समज इतका सरळ नाही. धक्क्याच्या भीतीने शिकारी दचकला, तर जड गोळीही व्यर्थ.

७/ दुसरा प्रश्न गोळीच्या टोकाचा. संपूर्ण धातूच्या आवरणातली गोळी आरपार जाते. मऊ टोकाची गोळी आत शिरल्यावर फुलते आणि जनावर लवकर कोसळते. १८९० च्या दशकात कलकत्त्याजवळच्या दमदम शस्त्रागारात .३०३ साठी अशी फुलणारी गोळी तयार झाली. तीच 'दमदम गोळी'. १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात फुलणाऱ्या गोळ्या वापरू नयेत असा जाहीरनामा झाला. शिकारीत मात्र तशाच गोळ्या योग्य मानल्या गेल्या, कारण त्यांत जनावराचे हाल कमी. एकच गोळी माणसांच्या युद्धात निषिद्ध आणि रानात शिष्टसंमत ठरली.

८/ दमदम हे नाव या इतिहासात त्याआधीही येऊन गेले होते. १८५७ च्या जानेवारीत नव्या एनफिल्ड रायफलीच्या काडतुसांना गाय-डुकराची चरबी लावली आहे, ही वदंता तेथूनच पसरली. त्या वेळी काडतूस कागदी असे आणि ते दातांनी फोडावे लागे. पिळाच्या नळीत घट्ट बसणारी गोळी सुलभ जावी म्हणून वंगण आवश्यक होते. तांत्रिक गरज आणि श्रद्धा यांची गाठ एका कागदी पुडीत पडली. पुढचे आपण जाणतोच.

९/ येथून पुढे आपल्या प्रश्नाचे उत्तर बदलते. १८५७ नंतर इंग्रज सरकारने काडतुसाकडे केवळ साधन म्हणून पाहिले नाही. सत्तेची किल्ली म्हणून पाहिले. हिंदी पलटणींना बरीच वर्षे गोऱ्या सैन्यापेक्षा एक पिढी जुनी शस्त्रे मिळत. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी लोकांना परवाना सक्तीचा केला आणि युरोपीयांना त्यातून सूट दिली. राष्ट्रीय सभेने या भेदाविरुद्ध ठराव केले.

१०/ या धोरणाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे .४१० मस्केट. इच्छापूरच्या कारखान्यात .३०३ ली-एनफिल्ड रायफली घेऊन त्यांची नळी आतून गुळगुळीत करण्यात आली. गोळ्यांचे घर लाकडी ठोकळ्याने बंद केले, म्हणजे एका वेळी एकच बार. ही शस्त्रे पोलीस आणि पहारेकरी यांच्यासाठी होती. त्यांचे काडतूसही वेगळे, म्हणजे लष्करी .३०३ त्यात चालणार नाही. आपल्याच शिपायाच्या हातातील शस्त्र सरकारने जाणूनबुजून दुबळे केले होते.

११/ शिकाऱ्यांनाही याची झळ बसली. .४५० हे मोठ्या जनावरांसाठी नावाजलेले माप. पण मार्टिनी-हेन्री या जुन्या लष्करी रायफलीची गोळीही त्याच व्यासाची. शिकारीच्या नावाने आलेल्या गोळ्या बंडखोरांच्या मार्टिनींत भरल्या जातील, या धास्तीने १९०७ च्या सुमारास हिंदुस्थान आणि सुदान येथे .४५० ची आयात बंद झाली. मग लंडनच्या बंदूककारांनी .४७० आणि हॉलंड अँड हॉलंडचे .४६५ अशी शेजारची मापे पुढे आणली. जनावर तेच, ताकदही जवळपास तीच. बदलला तो केवळ इंचाचा शतांश.

१२/ शिकारीच्या पुस्तकांत .४७० ची थोरवी वाचताना हे ध्यानात ठेवावे. त्या काडतुसाच्या लोकप्रियतेमागे बंदुकीच्या शास्त्राइतकाच एक सरकारी हुकूम होता. सरकारचे तर्कशास्त्र सोपे होते: रायफल चोरीला गेली तरी ती वर्षानुवर्षे चालते, पण काडतूस प्रत्येक बाराबरोबर संपते. काडतुसांवर ताबा असला, की रायफलीची काठी होते.

१३/ स्वातंत्र्य आले. हा तर्क मात्र राहिला. १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि १९६२ चे नियम यांनी वंशभेद ठेवला नाही, पण माप पाहण्याची रीत ठेवली. .३०३ किंवा ७.६२ मिमीचे लष्करी काडतूस ज्या रायफलीत बसते आणि चालते, ती सामान्य नागरिकाला निषिद्ध. .४१० मस्केटही त्याच यादीत. म्हणजे नियमाची कसोटी बंदुकीचे रूप नसून तिच्यात बसणारे काडतूस आहे.

१४/ मग भारतीय नागरिकाने कोणती रायफल घ्यायची? उत्तर आले .३१५. हे काडतूस मूळचे ऑस्ट्रियाच्या मानलिखर लष्करी रायफलीचे, ८ मिमी मापाचे. त्याच्या लष्करी गोळीचे वजन सुमारे २४४ ग्रेन, म्हणजे जवळजवळ १६ ग्रॅम. आपल्या सैन्याकडे ते नव्हते, हाच त्याचा मोठा गुण. इच्छापूरला त्याची रायफल बनू लागली आणि पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, जो १८६९ पासून चालू आहे, त्याची काडतुसे. व्हिएन्नाच्या बादशहाचे सैन्य इतिहासजमा झाले, पण त्याचे काडतूस खडकीत जिवंत राहिले.

१५/ पेण-रोह्याच्या शेतकऱ्यापर्यंत ही .३१५ क्वचितच पोहोचली असेल. कोकणातल्या वाडीवर ओळखीची होती ती ठासणीची बंदूक. तिला काडतूस लागतच नाही: तोंडातून दारू आणि छर्रे गजाने ठासायचे, कानावर टोपी बसवायची आणि बार काढायचा. भातशेतीत रानडुकरे शिरू नयेत म्हणून पीकसंरक्षणाचा परवाना मिळे. एकीकडे लंडनचा बंदूककार इंचाचा शतांश मोजत होता. दुसरीकडे शेतकरी एका बारानंतर दुसरा भरेपर्यंत डुकरे पळून जावीत एवढीच आशा धरत होता.

१६/ १९४८ मध्ये जंजिरा संस्थान विलीन झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने हौशी शिकारीचे युग संपवले. १९८६ मध्ये फणसाड अभयारण्य जाहीर झाले. शिकारीसाठी कोणते काडतूस उत्तम, या जुन्या वादाला भारतापुरते कायद्यानेच उत्तर दिले: कोणतेही नाही. राजाने स्वतःच्या हौसेसाठी राखलेले रान लोकांच्या रानाहून अधिक टिकले आणि त्यामुळेच पुढे अभयारण्य होऊ शकले, हा या कथेतील विरोधाभास आपण विसरू नये.

१७/ नेमबाजी मात्र उरली, आणि तेथे निवड पुन्हा शास्त्राच्या हाती आली. ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल प्रकारात .२२ लाँग रायफल हे १८८७ चे अमेरिकी काडतूस वापरतात. गोळी अवघी ४० ग्रेन, म्हणजे २.६ ग्रॅम, वेग सेकंदाला सुमारे ३३० मीटर, म्हणजे मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली, कारण ती सीमा ओलांडून परत येताना गोळी डळमळते. .३०३ च्या १७४ ग्रेन गोळीची ऊर्जा याच्या सुमारे बावीस पट. पण येथे ताकद नको. हवी ती एकसारखेपणाची हमी. दहा गुणांचे वर्तुळ फक्त १०.४ मिमीचे असते.

१८/ म्हणून अव्वल नेमबाज आपल्याच रायफलीतून काडतुसांच्या वेगवेगळ्या खेपा तपासून पाहतात. कंपनी तीच, पेटीवरचे नाव तेच, तरी एका खेपेच्या गोळ्या एकत्र पडतात, दुसऱ्या खेपेच्या विखुरतात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे कांस्य मिळवले. त्या यशामागे ही अदृश्य निवडही असते.

१९/ सारांश असा. शिकाऱ्याने अंतर आणि जनावर पाहून काडतूस निवडले, असे पुस्तके सांगतात. ते खरे, पण अर्धे. आपल्या देशात आधी सरकारने वर्तुळ आखले आणि शिकाऱ्याने त्या वर्तुळाच्या आत निवड केली. एनफिल्डची चरबी, .४१० चा लाकडी ठोकळा, .४५० ची बंदी आणि .३१५ चा परवाना ही त्या एकाच वर्तुळाची चार टोके आहेत.

२०/ फणसाडमधल्या पाणवठ्यांना स्थानिक लोक 'गाण' म्हणतात. उन्हाळ्यात तेथे सांबर, भेकर आणि बिबट्या पाण्यावर येतात; आता त्यांची मोजदाद होते, शिकार नाही. कधी तेथे गेलात, तर मचाणावर बसून हाच इतिहास एकदा मनात उजळून पाहा. आणि आपल्या घराण्यात जुना शस्त्रपरवाना कागदपत्रांत जपलेला असेल, तर त्यावर लिहिलेले माप अवश्य वाचा. त्या दोन-तीन आकड्यांत कोणाची तरी भीती नोंदलेली आहे.

धागा समाप्त.