षट्कोण (प्रतीक)

एकमेकांत गुंफलेल्या दोन समभुज त्रिकोणांची सहा टोकांची आकृती. तंत्रपरंपरेत ऊर्ध्वमुख त्रिकोण शिवाचा व अधोमुख शक्तीचा मानतात. दोहोंचा संयोग म्हणजे षट्कोण. हृदयस्थानी कल्पिलेल्या अनाहत चक्राच्या बारा पाकळ्यांतही तो असतो.

अमरावतीच्या राजापेठेपासून वऱ्हाडातल्या खेड्यापाड्यांपर्यंत ठिपक्यांच्या रांगोळीत ही आकृती सहज उतरते. 1, 4, 3, 4, 1 अशा पाच ओळींत तेरा ठिपके मांडायचे. वरचा ठिपका चौथ्या ओळीच्या दोन्ही टोकांना जोडायचा; खालचा दुसऱ्या ओळीच्या टोकांना. दोन्ही आडव्या ओळी जोडल्या की चांदणी पूर्ण होते आणि तेरावा ठिपका मधोमध राहतो.

या आकृतीविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. जुन्या इमारतीवर ती दिसताच काही जण यहुदी संबंध जोडतात. परंतु दिल्लीतील सोळाव्या शतकातील हुमायूनच्या मकबऱ्यावरही ती आहे. यहुद्यांचे सर्वमान्य चिन्ह म्हणून ती पुढे रुजली. 1897 च्या बाझेल येथील झायनवादी परिषदेनंतर तिचा प्रसार वाढला व 1948 मध्ये ती इस्रायलच्या ध्वजावर आली. कोकणातील मराठीभाषक बेने इस्रायलही ती आपले धर्मचिन्ह मानतात. षट्कोणाने वास्तुदोष जातो, हा समज मात्र श्रद्धेचा भाग असून त्यास शास्त्रीय आधार नाही.

वैयक्तिक अर्थ लावण्यास हरकत नाही. तोच इतिहास म्हणून सांगणे चुकीचे. कोरीव चिन्हाचा अर्थ वास्तूचा काळ, शिलालेख व परंपरा पाहूनच ठरवावा.