रकानाच नव्हता, मग काम दिसणार कसं?

नर्सिंग इन्फर्मॅटिक्स संगणकाबरोबर आलं, असं आपण धरून चालतो. पण त्यामागचा प्रश्न बराच जुना आहे. १८६० साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची योजना मांडली गेली: सगळ्या रुग्णालयांनी एकाच नमुन्यात आकडे ठेवावेत. प्रत्येकाची वही वेगळी असेल, तर तुलना करायची कशाची?

सव्वाशे वर्षांनी अमेरिकेत हॅरिएट वर्ली यांच्यापुढे असाच पेच होता. रुग्ण घरी गेला की नोंदीत वैद्यकीय निदान आणि शस्त्रक्रिया उरायची. परिचारिकेने केलेलं काम त्यात नसायचंच. १९८५ च्या परिषदेतून १६ घटकांचा ‘नर्सिंग मिनिमम डेटा सेट’ आकाराला आला. १९९२ मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशनने या शाखेला स्वतंत्र विशेषज्ञता म्हणून मान्यता दिली. आज यात करिअर करता येतं, त्यामागे ही रकान्यांची भांडणं आहेत.

आपल्यासाठी यात काय? डेटा हाती आला की विश्लेषणाची घाई करू नका. आधी बघा, कुणाचं काम लिहायला त्यात जागाच नव्हती. नोंद नाही म्हणजे काम झालं नाही, असा निष्कर्ष काढलात तर प्रबंध तिथेच चुकला.