तंबाखूसेवन, किशोरवयीनांतील (भंडारा जिल्हा)

भंडारा हा तेंदूपानांचा, विडी उद्योगाचा जिल्हा. इथल्या कित्येक मुलांची तंबाखूशी ओळख विड्या वळणाऱ्या घरातच झाली. १९८६ च्या कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना विडीकामावर ठेवण्यास बंदी केली, पण घरच्या कामाला सूट दिली. ही मोठीच पळवाट, कारण विड्या घरोघरीच वळल्या जात. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखूविक्री निषिद्ध ठरवली. देशातील १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांमधील तंबाखूसेवन २००९ मधील १४.६ टक्क्यांवरून २०१९ मध्ये ८.५ टक्क्यांवर आले. विदर्भात मात्र नुसती सिगारेट मोजून भागत नाही. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा धुराविना खाल्ला जातो. म्हणून मुलाची सवय घरच्यांना फार उशिरा कळते.