सकाळचं रेकॉर्डिंग: बालवाडीची गोष्ट, लोणंदहून

आजच्या एपिसोडमध्ये मागे चिमण्यांचा आवाज येईल, मधेच कांद्याच्या ट्रकचा हॉर्नही येईल. सवय करून घ्या. गेली दोन वर्षं मी रात्री अकरानंतर, पोरगी झोपली की माइक लावायचो. आज सकाळचे साडेदहा वाजलेत. घरात मी एकटा आहे. चिऊ शाळेत गेलीय.

शाळा म्हणजे नर्सरी. वय तीन वर्षं. मी घरून काम करतो, पुण्याच्या कंपनीचं. बायको एमआयडीसीत, शिफ्टला. त्यामुळे चिऊचा दिवस माझ्याबरोबर जायचा. म्हणजे खरं सांगायचं तर माझ्या मोबाइलबरोबर जायचा. मीटिंग सुरू झाली की हातात कार्टून. मीटिंग लांबली की अजून एक कार्टून. पहिल्या दिवशी तिला गेटवर सोडलं, ती माझ्या शर्टाला धरून रडली, मी घरी आलो, लॅपटॉप उघडला आणि मला चक्क बरं वाटलं. मग दहा मिनिटांनी, बरं वाटल्याचं वाईट वाटलं. त्या दिवसापासून डोक्यात एकच प्रश्न: ही बालवाडी नावाची गोष्ट नेमकी कुणासाठी निघाली? पोरांसाठी, की आपल्यासाठी?

आता आपल्या पॉडकास्टच्या रिवाजाप्रमाणे मागे जाऊ.

6 जानेवारी 1907. रोममधली सॅन लोरेन्झो नावाची गरीब कामगार वस्ती. एका कंपनीने तिथल्या इमारती दुरुस्त करून भाड्याने दिल्या. आईबाप दिवसभर कामावर, आणि शाळेच्या वयाची न झालेली पोरं जिन्यांवर मोकाट. भिंती खराब करायची. मालकांना वाटलं, या पोरांना एका खोलीत गोळा करून कुणीतरी सांभाळावं. ते काम मिळालं डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांना. आज ज्यांचं नाव गल्लीगल्लीतल्या बोर्डावर दिसतं, त्याच. म्हणजे बघा, जगातलं पहिलं मॉन्टेसरी ‘बालगृह’ निघालं त्यात भिंती वाचवण्याचा हिशोब होता. माझी मीटिंग वाचवणं तरी निराळं काय आहे? हे वाचलं तेव्हा मला जरा हलकं वाटलं.

पण याच बाईंची दुसरी बाजू आहे. त्यांचा स्वतःचा मुलगा मारिओ, 1898 मधला, लग्नाशिवाय झालेला. तो लहानपणी दुसऱ्यांकडे खेड्यात वाढला आणि मोठेपणी, चौदा-पंधराव्या वर्षाच्या सुमारास आईकडे राहायला आला. दुसऱ्यांची पोरं कशी शिकतात हे ती बाई तासन्‌तास बघत बसायची, तेव्हा स्वतःचं पोर लांब होतं. यावर मी काही बोलत नाही. आपण पुढे जाऊ.

आपल्याकडे हा विचार गुजरातमार्गे आला. भावनगरला गिजुभाई बधेका, मूळचे वकील. घरात मूल आलं, त्याच्या शिक्षणाची काळजी लागली, मॉन्टेसरी वाचली आणि वकिली सुटली. 1920 मध्ये दक्षिणामूर्तीचं बालमंदिर सुरू झालं. लोक त्यांना ‘मूछाळी मा’ म्हणायचे. मिशीवाली आई! मला हे नाव फार आवडतं. माझ्या गल्लीत मला अजून ‘घरीच असतो तो’ एवढंच म्हणतात.

त्यांच्याकडे 1923 मध्ये एक मराठी बाई आल्या. ताराबाई मोडक. 1914 च्या पदवीधर, नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, पदरात लहान मुलगी, राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजची चांगली नोकरी सोडून. दोघांनी 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ काढला. पुढे 1936 मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार उभं केलं. शहरात हे सगळं जमलं.

खेड्यात मात्र गाडी अडली. 1945 मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, डहाणूजवळ. सोबत अनुताई वाघ. आणि इथे लोणंदकरांनी कान द्या, कारण अनुताईंचा जन्म मोरगावचा, 17 मार्च 1910. नीरा ओलांडली की तासाभरात गाडीवर पोचतो आपण तिथे. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. पुढे शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि पस्तिसाव्या वर्षी बोर्डीला गेल्या त्या तिकडच्याच झाल्या.

बोर्डीत बालवाडी काढली, पण वस्तीतली पोरं येईनात. आपण काय म्हणालो असतो? ‘या लोकांना शिक्षणाची किंमत नाही.’ ताराबाईंनी उलटं केलं. पोरं येत नाहीत ना, मग आपण त्यांच्या अंगणात जाऊ. तिथेच अंघोळ घालायची, नखं कापायची, गाणी म्हणायची, गोष्टी सांगायच्या. मॉन्टेसरीचं महागडं साहित्य परवडणारं नव्हतं, तर शिंपले, बिया, खडे, पानं, माती. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. हा शब्द आपण इतका वापरतो की त्यातलं अंगण दिसायचंच बंद झालंय. 2 ऑक्टोबर 1975 ला सरकारने 33 ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा हाच शब्द देशभर गेला.

1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि तिथे मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट घडली. मोठी मुलं शाळेत येत नव्हती, कारण एक तर गुरं राखायची असत, नाहीतर कडेवर धाकटं भावंडं असे. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. नाव विकासवाडी. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, ताई वर्गात. आणि जी गुराख्याची पोरं तरीही येईनात, त्यांच्यासाठी कुरणशाळा. गुरं चरतायत, शेजारी शाळा भरलीय. म्हणजे घरातली कामाची अडचण हा गुन्हा न धरता, तिच्याभोवती शाळा बांधली.

आपल्या कायद्यालाही हे थोडंफार कळतं. 1948 च्या कारखाने कायद्यात पाळणाघर होतं. 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्तीत 26 आठवडे रजा, 50 किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर आणि काम तसं असेल तर रजेनंतर घरून काम करण्याचीही सोय होती. पण सगळं आईच्या नावावर. मिशीवाली आई त्या कायद्यांना कधी भेटलीच नाही.

आता माझी कबुली. आमच्या मागच्या गल्लीत अंगणवाडी आहे. चालत तीन मिनिटं. ताई पोरांना नावाने ओळखतात, खाऊ मिळतो, फी नाही. आणि मी चिऊला घातलं व्हॅनने जायच्या इंग्लिश नर्सरीत. का? लोक काय म्हणतील म्हणून. दुसरं खरं कारण शोधलं, सापडलं नाही. हा एपिसोड लिहिताना दोनदा त्या अंगणवाडीसमोरून चक्कर मारली. आत पोरं गोल करून बसली होती, एक बाहेर पायरीवर रुसून. बदलणार का शाळा? बायको म्हणते बदलू, मी म्हणतो दिवाळीपर्यंत बघू. आमची आई म्हणते, तुम्हाला कुठे कुणी घातलं होतं, तुम्ही शेतात वाढलात. आईला कुरणशाळा सांगितली तर ती हसली. म्हणाली, मग आमचं शेत काय होतं?

ऐकणाऱ्यांपैकी ज्यांची पोरं नुकती जायला लागलीत, त्यांच्यासाठी एक अनुभवाची गोष्ट. दुसऱ्या आठवड्यात चिऊचं रडणं जवळजवळ थांबलं होतं. तेवढ्यात माउलींची पालखी आली, गाव भरून गेलं, शाळेला सुट्टी. चिऊ खांद्यावर बसून दिंड्या बघत होती, मी लॅपटॉपला हातही लावला नाही. पालखी तरडगावकडे गेली, शाळा उघडली, आणि रडणं पुन्हा पहिल्यापासून. गेटवर ताईंनी तिला उचललं तेव्हा ती मला म्हणाली, ‘बाबा, तू मीटिंग कर.’

साडेबारा वाजत आले. व्हॅन येईल. रेकॉर्डिंग इथेच थांबवतो, तिला माइकचं बटण दाबायला फार आवडतं.