देवाच्या पेटीतला जमाखर्च

सनीव्हेलच्या हिंदू मंदिरात तुम्ही गेला असाल, तर पेटीत वीस डॉलर टाकलेही असतील. पुढे त्यांचं काय झालं, हे कधी विचारलंय? देवळात पैशाचा विषय काढायचा म्हटलं की आपल्याला संकोच वाटतो. पण आपल्याकडे हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

१९५० साली मुंबई राज्यात सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा झाला. देऊळ, मशीद, चर्च, अग्यारी, सगळ्यांना एकच नियम लागला. विश्वस्तांनी नोंदणी करायची, जमाखर्च लिहायचा, दरवर्षी तो तपासून घ्यायचा आणि अहवाल धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यायचा. बेकायदा किंवा गैरवाजवी खर्च दिसला, तर लेखापरीक्षकाने तसं लिहायचंच.

हा धर्मात हस्तक्षेप आहे, असं म्हणत काही जैन आणि पारशी मंडळी कोर्टात गेली. १९५४ च्या रतिलाल गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काही तरतुदी रद्द केल्या. उदाहरणार्थ, धार्मिक संस्थेवर खुद्द आयुक्तालाच विश्वस्त नेमणं. हिशोबाची सक्ती मात्र टिकली. कोर्टाचं म्हणणं साधारण असं, की पूजा कशी करायची हे धर्म ठरवेल, पण मालमत्तेच्या कारभारावर कायदा देखरेख ठेवू शकतो.

अमेरिकेने वेगळी वाट धरली. १९४३ च्या करकायद्याने बहुतेक करमुक्त संस्थांना वार्षिक विवरणपत्र भरायला लावलं, पण धार्मिक संस्थांना वगळलं. आजही चर्चला 'फॉर्म ९९०' भरावा लागत नाही, आणि करखात्याच्या भाषेत 'चर्च'मध्ये मंदिर आणि मशीदही येतात. गंमत बघा: तुमचं महाराष्ट्र मंडळ करमुक्त धर्मादाय संस्था असेल, तर त्याचं विवरणपत्र कुणालाही बघता येतं. मंदिराच्या बाबतीत मात्र तशी सक्ती नाही.

याचा अर्थ मंदिरं हिशोब ठेवत नाहीत, असा नाही. वह्या त्यांनाही ठेवाव्याच लागतात. करात सवलत हवी, तर २५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या देणगीची लेखी पावती तुम्हालाही घ्यावी लागते. पण इथे धर्मादाय आयुक्त नाही. ते काम भाविकांनीच करायचं.

तेव्हा पुढच्या वार्षिक सभेत तीन गोष्टी विचारा. पेटी किती जण मिळून मोजतात? अन्नदानासाठी आलेले पैसे बांधकामाच्या पैशांपासून वेगळे लिहिले जातात का? हिशोब बाहेरचा कुणी तपासतो का?

यात अश्रद्धा काही नाही. पैसे देवाच्या नावाने दिलेत, मोजणारी मात्र आपल्यासारखीच माणसं आहेत.