एबोलाची लस : शोध आणि सिद्धता यांमधील अंतर

साथीच्या रोगांवरील संशोधनाचा इतिहास लिहिताना प्रयोगशाळेतील शोधाचे वर्ष हेच निर्णायक मानण्याकडे आपला कल असतो. एबोलाच्या लसीचा इतिहास पाहता हा कल तपासून घेणे अवश्य ठरते.

कॅनडातील विनिपेग येथील राष्ट्रीय सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत, मुख्यतः गुराढोरांना बाधणाऱ्या एका विषाणूवर एबोलाचे पृष्ठप्रथिन चढवून ही लस सिद्ध करण्यात आली. माकडांना ती पूर्ण संरक्षण देते, हा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर सुमारे दहा वर्षे ती जवळजवळ पडून राहिली. रोगी आफ्रिकेतील खेड्यांतले, आणि तेही निर्धन. अशा लसीवर भांडवल घालावयाचे कोणी? २०१४ ते २०१६ या काळात पश्चिम आफ्रिकेत २८,६०० हून अधिक लोकांना रोग जडला व ११,३०० हून अधिक दगावले, तेव्हा कोठे हालचालींना वेग आला.

मार्च २०१५ मध्ये गिनीत सुरू झालेल्या चाचणीची पद्धत मात्र जुनीच होती. रोगी आढळताच त्याच्या सहवासातील माणसे, आणि त्या माणसांच्या सहवासातील माणसे, अशा कड्याला लस टोचावयाची. देवीनिर्मूलनाच्या कार्यात १९६६ च्या अखेरीस पूर्व नायजेरियात लस अपुरी पडली असता ही युक्ती योजण्यात आली, व पुढे भारतातही तिचा मोठा उपयोग झाला. गिनीत चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे काही कड्यांना तत्काळ, तर काहींना एकवीस दिवसांनी लस देण्यात आली. तत्काळ लस घेतलेल्यांपैकी दहाव्या दिवसानंतर एकासही रोग झाला नाही. उणे ६० अंशांखाली जपावी लागणारी लस विजेविना असलेल्या खेड्यांत पोहोचविणे, हे कामही शोधाहून कमी महत्त्वाचे खचितच नव्हे.

यातूनच २०१७ साली दावोस येथे साथप्रतिबंधक लसींसाठी आंतरराष्ट्रीय आघाडी स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत भारत सरकारही होते. तथापि ही लस एबोलाच्या झाईर प्रकारापुरतीच होती. सप्टेंबर २०२२ मध्ये युगांडात सुदान प्रकाराची साथ उद्भवली. प्रायोगिक लसी डिसेंबरात पोहोचल्या, पण तोवर साथ ओसरलेली होती व चाचणीला रोगीच उरले नव्हते. ३० जानेवारी २०२५ रोजी तेथेच पुन्हा साथ जाहीर झाली. या खेपेस लस आधीच देशात आणून ठेवलेली होती, आणि ३ फेब्रुवारीस कंपाला येथे टोचणीस प्रारंभ झाला.